राहीबाईंचं वाण

खोकं रिकामं होतं. कृष्णातने ते उलटं केलं, आपटलं, आत हात घालूनही पाहिलं. पुण्याच्या कारखान्यात दोन महिने खपून केलेला त्याचा प्रोग्रॅम, म्हणजे भोकं पाडलेली छप्पन्न कार्डं, कुंडलच्या राहत्या घरातून नाहीशी झाली होती.

"आई, ह्यातली कार्डं कुठं हायती?"

"लुटली की!" राहीबाई चुलीपुढून ऐटीत म्हणाल्या. "काल तू पलूसला गेलतास तवा. संक्रांतीचं हळदीकुंकू न्हवतं का? दरसाली समद्यांचं तेच कंगवं, तेच साबण. म्हटलं, माझं पोरगं कॉम्प्युटरवर हाय, माझ्यासारखं वाण कुणाच्या बापाकडं मिळायचं न्हाई! परत्येकीला सांगितलं, एकासारखं दुसरं न्हाई."

कृष्णात मटकन खाली बसला. उद्या सकाळी दहा वाजता मुंबईच्या कॉम्प्युटरवर त्याला अर्धा तास मिळणार होता, आणि तोही शेवटचा. कारखान्याच्या कोठारात लोखंडी नट दोन हजार असले तरी त्याचा प्रोग्रॅम चार हजार सांगायचा. पुण्याला ठेवलेल्या, प्रोग्रॅम लिहिलेल्या कागदावर सगळं चोख होतं, चूक काही सापडत नव्हती. "या खेपेला जमलं नाही तर मोजणी परत कारकुनांकडे, आणि तूही त्यांच्यातच," असं साहेबांनी बजावलं होतं. गावातला पहिलावहिला प्रोग्रॅमर तो, आणि आता कार्डंही गेली!

"ती न्हाई मिळाली तर माझं काम गेलंच म्हण," तो रडवेला होऊन म्हणाला.

राहीबाईंचा चेहरा उतरला. पण त्यांनी लगेच पदर खोचला. "ऊठ. चल माझ्यासंगं."

शेजारच्या बनुबाईने कार्ड देव्हाऱ्यात उभं करून त्यावर फूल वाहिलं होतं. "आवं वैनी, वाण कुणी माघारी देतं व्हय?" ती कानांवर हात ठेवून म्हणाली.

राहीबाई लगेच म्हणाल्या, "माघारी नगंच देऊ. तुझं वाण म्हणून मला दे. रथसप्तमी कुठं झालीया अजून?"

बनुबाईने करंडा काढला, राहीबाईंना हळदकुंकू लावलं आणि कार्ड ओटीत घातलं. कृष्णात आईकडे बघतच राहिला. अशी अक्कल त्याच्या अख्ख्या हपिसात कुणाला नव्हती.

मग घरोघर तोच सोहळा. कुणी कार्ड आरशामागे खोचलेलं, कुणी त्याने तान्ह्या पोराला वारा घालत बसलेली. दुपारपर्यंत राहीबाईंचं कपाळ केसांपर्यंत लालभडक झालं आणि चोपन्न कार्डं जमली. राहिल्या त्या एकाच घरातल्या दोघी जावा, मनुबाई आणि बयाबाई. त्या दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"एकासारखं दुसरं न्हाई म्हणालात न्हवं? मग ह्ये काय?" मनुबाईने दोन्ही कार्डं एकावर एक ठेवून उन्हात धरली. भोकावर भोक बरोबर बसलं होतं. सगळ्यांतून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

"जावा जावा म्हणून आमास्नी एकच माल खपवला व्हय?" बयाबाई फणकारली.

राहीबाई ओशाळल्या. कृष्णातने मात्र कार्डं हिसकावून घेतली आणि तो बेंबीच्या देठापासून ओरडला. ते नटांची बेरीज करणारं कार्ड होतं! कागदावर त्याची ओळ एकदाच होती. पुण्यात भोकं पाडणाऱ्याने कार्डं दोन पाडली, म्हणून यंत्र प्रत्येक नट दोनदा मोजत होतं. आणि हा शहाणा दोन महिने नुसता कागद वाचत बसला होता!

त्याने दोघींच्या पाया पडून घेतलं. "काकी, लय उपकार झालं! ह्यातलं एक तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

झालं! ते एक कुणी ठेवायचं यावरून दोघींची आपसात जुंपली, आणि मायलेकांनी तेवढ्यात काढता पाय घेतला.

कार्डं पुन्हा क्रमाने लावून कृष्णात रातोरात मुंबईला पोचला. दुसऱ्या दिवशी यंत्राने कागदावर चोख दोन हजार छापले. साहेब खूश झाले. कागदाच्या तळाशी 'तपासनीस' असं लिहून पुढे जागा सोडलेली होती. तिथे कृष्णातने ठसठशीत अक्षरांत लिहिलं : सौ. राहीबाई आकाराम जगदाळे.

"या कोण बाई? इथल्या कंपनीतल्या?" साहेबांनी आदराने विचारलं.

"न्हाई साहेब," कृष्णात पुण्याची भाषा साफ विसरून, छाती काढून म्हणाला, "माझी आई हाय."