हळदीचं गाणं आणि तमिळ कुलूप

"हयद लागनी नवरीले, आंगनमा ऊन उतरनं..." धानोऱ्यातल्या कुठल्याशा मांडवात तापीबाईचा हा आवाज कधीकाळी घुमला होता. हेमकांतची ही माय गेली, आवाज तेवढा त्याच्या कॉम्प्युटरात उरला. आज लेकीच्या, स्वप्नालीच्या हळदीला तोच लावायचा होता, आणि तोच उघडत नव्हता.

उघडणार कसा? चुलतभाऊ नवनीत मायचं गाणं स्वतःच्या चॅनलवर टाकेल, या धास्तीने हेमकांतने घरातल्या सगळ्या मोबाइलांतून ते पुसलं होतं आणि कॉम्प्युटरातल्या एकुलत्या प्रतीला कुलूप घातलं होतं. हा कचेरीत कॉम्प्युटरवर बसणारा माणूस. साधं कुलूप घालेल कसा? तमिळ वापरलं की डेटाचं एन्क्रिप्शन पोलादासारखं होतं, असं त्याने कुठंसं वाचलं होतं. नेमकी तेव्हाच शेतात बोअरची गाडी आलेली, तमिळनाडूच्या नंबरची. गाडीवरच्या गोपालला सारं गाव 'अण्णा' म्हणे. हेमकांतने पडद्यावर तमिळ अक्षरं उघडली, अण्णाला खुर्चीत बसवून पासवर्ड म्हणून लांबलचक वाक्य टाइप करायला लावलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"आन तुमले बी म्हाईत ऱ्हावाले नको?" बायकोने, कामिनीने, विचारलं होतं.

"मालेच म्हाईत नही, तं मन्हापासून कोन काढी?"

आता मांडवात वाट्यांतली हळद वाळत चालली होती. हेमकांतने फोन लावला.

"अण्णा, वो वाक्य बताव."

"नहीं बताऊंगा, साब. आपने ही बोला था, चोर आपकी आवाज निकालेगा."

"अरे, मैं खुद बोल रहा है!"

"चोर भी यही बोलेगा."

शेवटी हेमकांतने मोटारसायकल काढली, बोअरची गाडी आता होती ते पार खापर गावचं शिवार गाठलं आणि अण्णाला मागे बसवून आणलं. मांडवात टाळ्या पडल्या. अण्णाने बोट फिरवलं, चुकलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा चुकलं. स्वप्नालीचे डोळे भरून आले.

"कुलूप भारी शे, भाऊ," नवनीत म्हणाला. "चोर बी बाहेर, मालक बी बाहेर!"

कामिनी पुढे झाली. "का रे अण्णा, सोतानी भाषा कोन्ही इसरस का?"

अण्णाने हात जोडले. "भाभी, गाडी मद्रास की है. मैं तो बस्तर का हूं. साब ने पूछा नहीं. इतने प्यार से कुर्सी पे बिठाया, चाय पिलाई... तो जो अक्षर सुंदर लगा, दबाता गया."