नऊ किलोमीटरची खळबळ

रेघोबांच्या पदरात त्या सकाळी काय काय पडणार होतं, ते आधी मोजू: कायमची नोकरी, खिडकीची खोली, आणि "जावई नक्की करतात तरी काय?" या प्रश्नातून सासऱ्यांची सुटका! त्यासाठी काम एकच. थंड ताऱ्याच्या प्रकाशाच्या रंगपट्टीत बेरियम हे मूलद्रव्य जी काळी रेघ उमटवतं, तीच गणिताने काढायची आणि निवड समितीसमोर खऱ्या रेघेवर तंतोतंत बसवायची. अकरा वाजता.

"आता गणिताच्या फाइलीला हात लावायचा नाही हं," मार्गदर्शक बाईंनी आदल्या दिवशीच बजावलं होतं.

"छे हो, बाई! तुम्हीही लावू नका."

"मी कशाला लावतेय?"

दहाला रेघोबांनी पाहिलं, तर गणिताची रेघ केसभर उथळ, म्हणजे फिकी! त्यांनी गुपचूप गणितातलं बेरियम जरासं वाढवलं. रेघ विहिरीसारखी खोल! घाबरून कमी केलं. रेघ बशीसारखी उथळ!

कारण भिंतीपलीकडे, आपल्या संगणकावरून त्याच फाइलीत, बाईही गुपचूप हात मारत होत्या. फक्त त्यांचा आकडा वेगळा: ताऱ्याच्या वायूतली खळबळ. तीही वाढली की रेघ खोल होते. म्हणजे वाढवलं तर दोघांनी, घटवलं तर दोघांनी!

पावणेअकरा. रेघोबांनी मनाशी ठरवलं, 'हे हट्टी पोरासारखं उलटंच वागणार असेल, तर आपणही उलटंच सांगू!' रेघ उथळ असतानाच त्यांनी बेरियम पार दहाव्या हिश्श्यावर आणलं. त्याच मिनिटाला बाईंनी हात सैल सोडून खळबळ वाढवली.

आणि रेघेवर रेघ बसली! एकाच शिंप्याने बेतल्यासारखी!

अकराला समिती पडद्याकडे पाहून माना डोलवू लागली. एवढ्यात मिशीवाले ज्येष्ठ परीक्षक चष्मा पुसून पडद्याच्या कोपऱ्यातले आकडे वाचू लागले.

"खळबळ किती धरलीत?"

"सेकंदाला दीड किलोमीटर, सर!" रेघोबा छाती काढून म्हणाले.

"इथे नऊ दिसतंय. अहो, तिथे आवाजसुद्धा एवढा पळत नाही! हा तारा आहे की उकळती किटली? आणि बेरियम चिमूटभर? कुणी ठरवलं हे?"

रेघोबांनी बाईंकडे पाहिलं. बाई छताचे कोपरे तपासत होत्या. रेघोबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पण बाईंची खळबळ सांगायची, तर स्वतःची चिमूटही सांगावी लागणार!

"मीच, सर," ते पुटपुटले.

शेवटचा जमाखर्च असा: समितीची अर्धी सकाळ गेली, रेघोबांचं आणखी एक वर्ष हंगामी नोकरीत गेलं. बाईंनी भरपाई म्हणून दोन कप चहा मागवला, आणि त्यातला एक स्वतःच प्यायल्या.