रात्री बारा वाजून सात मिनिटांचं ऊन

सोमवार, १५ डिसेंबर २००८. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी जव्हारच्या एका छोट्या संस्थेच्या कचेरीत अर्ज तपासणाऱ्या तबिशने करवंदपाड्याचा अर्ज नामंजूर केला.

अर्ज डिझेल इंजिनाचा होता. यंदा श्रमदानाने ओढ्यावर नवा बंधारा घालणाऱ्या पाड्याला संस्था पाणी उपसायचं इंजिन देणार होती, आणि शिल्लक एकच होतं. ते मिळालं तर करवंदपाड्याची सात घरं वांगी-वाल लावून घरीच राहणार होती. नाही मिळालं, तर शुक्रवारी वीटभट्टीचा ट्रक त्यांना घ्यायला येणार होता.

मागल्या वर्षी कुणीतरी जुन्याच बंधाऱ्याचे फोटो देऊन संस्थेला गंडवलं होतं. म्हणून यंदा तबिशने मोबाइलवर एक अ‍ॅप चढवून घेतलं होतं. त्यात फोटोची फाइल उघडली की ती कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या हँडसेटवर जन्मली, सगळी कुंडली बाहेर.

"आता माणसाला विचारायचंच नाही," तो संस्थेच्या प्रमुख हर्षदाताईंना म्हणाला. "फाइलला विचारायचं. फाइलला चहा पाजता येत नाही."

पाड्यात कॅमेऱ्याचा मोबाइल एकच, बारक्याचा. अर्जासोबत आलेल्या त्याच्या मेमरी कार्डात दोन फोटो होते. भरलेला बंधारा: १ जानेवारी २००५, रात्री बारा वाजून सात मिनिटं. रिकामा ओढा: त्याच दिवशी, पहाटे चार वीस.

"म्हणजे मध्यरात्री बंधारा होता आणि पहाटेपर्यंत यांनी तो गायब केला," तबिश म्हणाला. "तेही चार वर्षांपूर्वी."

ताईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "रात्री बाराला हे ऊन कुठलं?"

"फ्लॅश असेल."

"अख्ख्या डोंगरावर?"

ताईंनी मोबाइल त्याच्या हातात परत दिला.

"उद्या जाऊन बघून ये. गुरुवारी चारला इंजिनांची यादी पाठवायची आहे."

मंगळवारी खोडाळ्याहून निघालेल्या जीपमध्ये सतरा माणसं आणि दोन कोंबड्या होत्या. तबिशच्या वाट्याला अर्धी मांडी टेकण्यापुरती जागा आली. उरलेल्या मांडीवर जीपवाल्याने एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. "करवंदपाड्याला ना? बारक्याला द्या." पिशवीत मोबाइलच्या अकरा बॅटऱ्या होत्या, प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. तबिशचं डोकं तपासणीत होतं. त्याने विचारलं नाही.

बारक्याने पिशवी घेतली, आपली चिठ्ठी शोधली आणि घरातून रिकामा मोबाइल आणून त्यात बॅटरी बसवली.

"पाड्यात लाइट नाय," तो म्हणाला. "बॅटरी खोडाळ्याला जाते चार्जिंगला. फोन घरीच राहतो. त्याला कशाला भाडं?"

मोबाइल उजळला आणि त्याने तारीख विचारली. बारक्याने न बघता ओके दाबलं. पडद्यावर १ जानेवारी २००५ उमटलं.

तबिश पडद्यावर वाकला. "हा दर वेळी तारीख विचारतो?"

"दर येळी. ओके दाबलं का गप बसतो."

"मग खरी तारीख का नाही टाकत?"

"त्याला काय करायची? आज मंगळवार हाय, आमाला म्हायती हाय ना."

बंधाऱ्यावर बचत गटाची सकू मातीच्या गोण्या चेपत गुडघाभर पाण्यात उभी होती. तिला सगळा घोटाळा कळला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मंग आता पाण्यात हात घालून बघ, पोरा. चार वर्साचं हाय का यंदाचं?"

तबिशने ठरवलं, आपण स्वतः फोटो काढायचा. आपल्या मोबाइलमध्ये तारीख चोख होती. चांगला कोन मिळावा म्हणून तो गोण्यांवर चढला, दोन पावलं मागे सरकला आणि फोटोतल्या पाण्यात स्वतःच जाऊन बसला. सकूने त्याला कॉलर धरून वर काढलं. मोबाइल बारक्याने पायाने चाचपून शोधला.

बॅटरी काढून दोन्ही वस्तू चुलीपाशी सुकवल्या. चहा झाला. पुन्हा चहा झाला. अखेर मोबाइल उजळला. तेवढ्यात परतीच्या जीपचा हॉर्न वाजला. तबिशने घाईत काहीतरी ओके दाबलं, बंधाऱ्यावर जाऊन फोटो काढला आणि पळाला.

बुधवारी सकाळी त्याने ताईंसमोर ती फाइल अ‍ॅपमध्ये उघडली.

१ जानेवारी २०००. रात्री बारा वाजून नऊ मिनिटं.

"नऊ वर्षं आधी पोचलास की रे," ताई म्हणाल्या.

"ताई, मी डोळ्यांनी बघितलंय. त्या पाण्यात बसून आलोय."

"चहा पाजला का तुला?"

"...दोनदा."

ताईंनी अर्जावरचं 'नामंजूर' खोडलं आणि वर लिहिलं, 'स्वतः पाहणार.' गुरुवारी सकाळी साडेआठच्या जीपने त्या निघाल्या. मोबाइल त्यांनी टेबलावरच ठेवला. सोबत वही नेली.

दुपारी दोनला जीपवाला रिकाम्या बॅटऱ्या खोडाळ्याला टाकून जव्हारला आला, तेव्हा त्याने निरोप दिला. ताई बंधाऱ्यावर आहेत, पाणी चार बोटं चढलंय. सातांपैकी पाच घरांनी ट्रकवाल्याला 'येत नाही' म्हणून कळवलं आहे. उरलेली दोन घरं ताई वहीत काय लिहितात ते बघत बसली आहेत.

यादी तबिशसमोर आहे. शिल्लक इंजिनाची शेवटची ओळ कोरी आहे; ताईंची वही अजून यायची आहे. आत्ता तीन वाजून दहा मिनिटं झाली आहेत. ही वेळ त्याने भिंतीवरच्या घड्याळात बघितली.