व्हेसाकच्या जोडसुटीतला वसंत

ऋतू हा निसर्गाचा विषय आहे, असा समज ज्या समाजात पसरतो, त्या समाजाची प्रगती खुंटते. ऋतू हा मुळात नियोजनाचा विषय आहे. सिंगापूरमधल्या आमच्या मराठी मंडळाला हे फार पूर्वीच उमगलं. पंचांगात पाडवा कधीही असो, आमच्याकडे तो पुढच्या शनिवारी येतो, तोही क्लेमेंटीतला हॉल मिळाला तर. एकदा कोजागरीचं दूध आम्ही दिवाळीच्या तोंडावर आटवलं. चंद्र नव्हता, पण उपस्थिती चांगली होती.

अशा मंडळानं जपानच्या उत्तरेला, साप्पोरोला, चेरीचा बहर पाहायला सहल काढायचं ठरवलं, तेव्हा तारीख बहराला विचारून ठरवण्याचा प्रश्नच नव्हता. अध्यक्ष निशिकांतराव (बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आता इथले नागरिक, त्यामुळे हवामानाबद्दलही ठाम) यांनी मे महिन्यातल्या व्हेसाकच्या, म्हणजे इथल्या बुद्धपौर्णिमेच्या, जोडसुटीचा ठराव मांडला. पुरावा म्हणून त्यांनी स्वतःचा बारा वर्षांपूर्वीचा फोटो दाखवला. त्यात मेच्या मध्यावर ते बहरलेल्या झाडाखाली उभे आहेत आणि झाडापेक्षा जास्त जागा त्यांनीच व्यापली आहे.

हरकत एकट्या उल्कानं घेतली. उल्का म्हणजे जुरोंग आयलंडवरच्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यातले इंजिनिअर अभय यांची पत्नी. तिची नजर झपाट्यानं जात होती. दीड-दोन वर्षांत उजेड आणि अंधार एवढंच कळेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि त्याआधी तिला हा बहर एकदा डोळे भरून पाहायचा होता. तिची मुलगी इरा विद्यापीठात शिकते. तिनं शोधून काढलं होतं की साप्पोरो आता तापत चाललं आहे, बहर एप्रिलमध्येच येऊन जातो. उल्काला एकटीनं जाणं शक्य नव्हतं. एप्रिलमध्ये अभय यांचा कारखाना वार्षिक दुरुस्तीसाठी बंद असतो आणि तेव्हाच इंजिनिअरांना सर्वांत जास्त काम असतं, म्हणजे त्यांना सुटी नाही, आणि इराच्या परीक्षा असतात. म्हणून तिनं सुचवलं की मंडळानंच सहल तीन आठवडे अलीकडे, एप्रिलमध्ये घ्यावी.

समितीनं या सूचनेचा सहानुभूतीपूर्वक विचार केला. तिच्यात एक गंभीर दोष निघाला. एप्रिलमध्ये जोडसुटी नव्हती, त्यामुळे प्रत्येकाला दोन दिवस रजा टाकावी लागली असती. आम्ही परदेशात येताना घर सोडलं, आईवडील सोडले, पण रजा सोडणं आम्हाला जमत नाही. (ती डिसेंबरात पुण्याला जाऊन आजारी पडायला लागते.) शिवाय वसंताला लवकर यायचं होतं तर त्यानं तसं आधी कळवायला हवं होतं, हा निशिकांतरावांचा मुद्दा सगळ्यांना पटला. अभय यांच्या कारखान्यात तयार होतं तसलंच इंधन विमानात भरून आपण वसंत पाहायला जातो आणि त्यामुळेच वसंताची घाई होते, असं इरा म्हणाली, पण हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता. व्हॉट्सअॅपवर मतदान होऊन मे महिना प्रचंड बहुमतानं निवडून आला.

ठरलेल्या दिवशी आम्ही साप्पोरोला पोचलो. अंगात थर्मल होते, डोक्यावर लोकरी टोप्या होत्या आणि डब्यांत आंबेडाळ होती. उद्यानात ऊन रखरखत होतं. चेरीची झाडं हिरवीगार होती, एकावरही फूल नव्हतं. न विचारता रजा घेतलेल्या हाताखालच्या माणसाकडे पाहावं तसे निशिकांतराव त्या झाडांकडे पाहत राहिले. मग त्यांनी पिशवीतून कापडी चेरीचे गुच्छ काढले. (वसंतावर मंडळाचा पूर्ण विश्वास होता, तरी पर्यायी व्यवस्था म्हणून ते सिंगापुरातल्या हौगांगच्या बाजारातून आणले होते.) फोटो अप्रतिम आले. घाम तेवढा नंतर पुसावा लागला.

उरली उल्का. तिला आता लांबचं धड दिसत नव्हतं, म्हणून निशिकांतरावांनी मोठ्या मनानं एक गुच्छ तिच्या तोंडासमोर धरला आणि फांदी खाली वाकली आहे, असं सांगितलं. आम्ही सगळे गप्प राहिलो. मंडळात इतकी एकजूट पूर्वी कधी दिसली नव्हती.

उल्कानं एक फूल चिमटीत धरून चुरगाळून पाहिलं.

"कापड चांगलं आहे," ती म्हणाली. मग लेकीकडे वळली. "इरा, झाडावर काय आहे गं?"

"ऑल फिनिश ऑलरेडी, आई," इरा म्हणाली आणि हात धरून तिला बसकडे घेऊन गेली.

परतीच्या बसमध्ये उल्का बराच वेळ रडत होती. अहवालात याची नोंद 'सदस्य भारावून गेले' अशी केली आहे.

पुढच्या वर्षीची सहलही व्हेसाकलाच ठरली आहे. उल्कानं नाव दिलेलं नाही. मात्र येत्या एप्रिलपर्यंत तिला थोडंफार दिसेल, असं डॉक्टर म्हणतात, तेव्हा कुणीतरी एकानं दोन दिवस रजा टाकून तिला घेऊन जावं, असं आवाहन इरानं केलं आहे. हे वाचून तुम्हाला आमचा राग आला असेल, तर तो अगदी योग्य आहे. असा राग आजवर पुष्कळांनी कळवला. रजेचं अजून कुणी बोललेलं नाही.