मारुतरावांचा पाळणा हलतो

‘जादूनगरी’ बागेतलं शेवटचं पगारी भूत चाकणच्या एका कंपनीत कायम झालं, त्या दिवशी जयदीपनं वडिलांपुढं विषय काढला.

“आबा, भूत गेलं. परी आधीच मॉलमध्ये सेंट फवारायला लागलीय. आता बागेत राह्यलंय काय? गोदामवाले रविवारी संध्याकाळी फोन करणार हाईत. हो म्हणून टाकतो.”

“पाळणा हाय की,” मारुतराव म्हणाले.

पाळणा म्हणजे आकाशपाळणा. गावच्या जमिनी कंपन्यांना गेल्या तेव्हा भाऊबंदांनी जीपगाड्या घेतल्या. मारुतरावांनी एक तुकडा राखून त्यावर जादूची बाग काढली आणि मधोमध हा पाळणा उभा केला. तो पंचक्रोशीत सगळ्यात उंच होता. पुढे कंपन्यांची शेडं वाढली, पोरं मॉलकडं वळली, पाळणा गंजून जागच्या जागी बसला. कावळ्यांनी मात्र त्याला कधी सोडलं नाही.

“बरं,” जयदीप म्हणाला. “रविवारी ह्याचा एकूण एक पाळणा माणसांनी भरून फिरला, तर गोदाम कॅन्सल. नाय फिरला, तर सोमवारी गोदामाचे पत्रे येतील.”

मारुतरावांनी तिथल्या तिथं डांगे चौकातल्या संघर्ष नावाच्या फ्लेक्सवाल्याला फोन लावला. “लिही, ‘आमचा पाळणा पुन्हा हलणार! रविवारी दुपारी सहकुटुंब यावे.’ आणि फोटू मोठा टाक.”

कसला फोटो, हे संघर्षनं विचारलं नाही. त्याचा धंदा वाढदिवसाचा आणि बारशाचा. त्यानं जयदीपच्या लग्नातला मारुतराव-कौशल्याबाईंचा जोडफोटो घेतला, मारुतरावांना गॉगल चढवला आणि खाली कॉम्प्युटरमधला झालरीचा, खुळखुळेवाला पाळणा टाकला. असे फ्लेक्स थेरगावापासून चाकणपर्यंत लागले.

पहिला फोन सांगवीच्या शालनबाईंचा. त्या मारुतरावांच्या थोरल्या चुलतभावाच्या पत्नी.

“भावजी, आमी काय ऐकतोय! खरं हाय का?”

“व्हय वैनी. लई दिवसांची इच्छा होती.”

“ह्या वयात?”

“वय झालंय, पण सांगाडा मजबूत हाय. जरा कुरकुर होती, मी ग्रीस मारलंय.”

मग शालनबाईंनी आवाज खाली आणला. “आन् दवाखाना कुठला?”

“दवाखाना कशाला? इथंच, उघड्यावर. सगळ्यांसमोर.”

“अगं बया! आन् डॉक्टर?”

“आपला बुद्धरत्न हाय की. फिटर माणूस. समदं तोच बघतो.”

शालनबाईंनी फोन ठेवला आणि सांगवीतल्या बायका गोळा करायला निघाल्या.

कौशल्याबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या मंडईत गेल्या, तर भाजीवालीनं हसत हसत पिशवीत फुकट कैऱ्या टाकल्या. रिक्षावाला “मावशी, खड्ड्यांतून हळू घेतो” म्हणाला. मग त्यांनी चौकात मान वर करून फ्लेक्स बघितला.

घरी आल्यावर त्यांनी कैऱ्यांची पिशवी नवऱ्यापुढं आपटली. “माझ्या फोटूखाली पाळणा? सून घरात असताना? आता मी तोंड कुठं लपवू?”

मारुतरावांना उलगडायला थोडा वेळ लागला. उलगडल्यावर ते खुर्चीत खचले. “फ्लेक्स काढायला लावतो,” ते म्हणाले. “पण मग कुणी येणार न्हाई. बाग जाईल, एवढंच.”

कौशल्याबाई खाली वाकून कैऱ्या गोळा करायला लागल्या. त्या पाळण्याखालीच मारुतरावांनी त्यांना पहिल्यांदा आइस्क्रीम खायला घातलं होतं.

रविवारी दुपारी बागेबाहेर गाड्यांची रांग लागली. शालनबाई हिरवी साडी, ओटी आणि फुलांचे दागिने घेऊन आघाडीवर होत्या. मागे सगळ्या जुन्या गावांतल्या बायका, सेकंड शिफ्टला दांडी मारलेले पुरुष, आणि रजा टाकून आलेलं भूत. जयदीप फाटकावर उभा राहून बघतच राहिला.

“कुठं हाय ती?” शालनबाईंनी हाक मारली. “बस पाटावर, ओटी भरू!”

गर्दी पुढं सरकली. आता खरं सांगितलं, तर सगळे हसून घरी जाणार. मारुतरावांनी डोळे मिटले.

कौशल्याबाई पदर खोचून पुढं आल्या आणि सरळ आकाशपाळण्यात जाऊन बसल्या.

“बातमी खरी का खोटी, मी वर गेल्यावर सांगनार,” त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. “ज्यांना ऐकायचीय, त्यांनी बसून घ्या!”

बातमी अर्धवट ऐकून घरी जाणारी बाई त्या पट्ट्यात अजून जन्मायची होती. सगळे पाळणे भरले. दोघीदोघींच्या जागेत तिघीतिघी बसल्या. मारुतरावांनी केबिनकडं हात केला. “बुद्धरत्ना, सोड!”

आधी काहीच झालं नाही. मग करकर असा लांबलचक आवाज आला, कावळे उडाले, आणि पाळणा हलला.

कौशल्याबाई वर पोचल्या. त्यांनी सांगायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

खाली पत्र्यांचा समुद्र पसरला होता आणि कलतं ऊन त्यावर असं पडलं होतं, की सगळी एमआयडीसी सोन्यानं मढवल्यासारखी दिसत होती. नाशिक रस्त्यावरचे कंटेनर मुंग्यांसारखे एकामागं एक चालले होते. इंद्रायणी एका जागी नुसती चमकून गेली. पलीकडे भामचंद्राचा डोंगर, जसा माहेरी असताना दिसायचा तसाच. शेडं उठल्यापासून तो कुणाला दिसलाच नव्हता.

“ती आपली विहीर होती बघा,” शालनबाई हळूच म्हणाल्या. “तिथं. निळ्या पत्र्याखाली.” आणि त्यांनी ओटीचं ताट छातीशी धरलं.

पंचक्रोशीतल्या सगळ्या बायका एकाच वेळी गप्प बसल्या. हे पाहून खाली उभे असलेले त्यांचे नवरे हादरले. काहींनी टोप्या काढल्या.

खाली आल्यावर कौशल्याबाईंना कुणी बातमी विचारली नाही. शालनबाई एवढंच म्हणाल्या, “आणि एकदा बसू का गं?”

मग पुरुष बसले. मग परत बायका. भूत तर उतरेचना. तिन्हीसांजेला जयदीप केबिनकडं गेला.

“बुद्धरत्नकाका, जिंकला तुमी. आता जरा थांबवा, लोकांना घरी जाऊ द्या.”

बुद्धरत्न स्टुलावर ताठ बसला होता. मेन स्विचचा दांडा त्याच्या मांडीवर आडवा पडला होता, मुळापासून तुटलेला.

“हे कधी झालं?” जयदीपनं विचारलं.

“आबांनी ‘सोड’ म्हणल्यावर. मी ओढला आन् हातात आला.”

“मग पाळणा फिरतोय कशावर?”

“मला काय म्हाईत, भावा?”

“आणि लोक चढतात-उतरतात कसे?”

“म्हातारं माणूस आलं की तो हळू होतो,” बुद्धरत्न कुजबुजला. “बसलं की निघतो. मी कुठं हात लावलाय?”

दोघांनी वर बघितलं. पाळणा संथपणे फिरत होता. आता त्याची करकरही ऐकू येत नव्हती. जयदीपच्या खिशात फोन वाजायला लागला. गोदामवाले होते. त्यानं फोन बंद केला, केबिनच्या दारात पायातले बूट काढून ठेवले आणि गुपचूप रांगेत जाऊन उभा राहिला.