गाडी लेट धरा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या खालच्या मजल्यावर दर मंगळवारी भर दुपारी रात्र व्हायची. जेवण आटोपून मी जरा पाठ टेकली की खालून धाडधाड खिडक्या लावल्याचा आवाज यायचा. मग दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं जायचं, आणि यासीन तांबोळी जिन्यात येऊन हाक मारायचा, "मावशी, रात झाली. या घोरायला."

हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. पहिल्या मंगळवारी मलाही वाटलं होतं. पुढे पुढे मी उशी घेऊनच खाली उतरायला लागले, यावरून माझी काय गत झाली होती ते ओळखा.

आम्ही राहतो कामशेतला. यासीनचं दुकान लोणावळ्याला, स्टेशनजवळ, मंगळवारी बंद. दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, वर ताडपत्री आणि भोवती बॅगांचा ढीग. फिरायला आलेल्या लोकांच्या बॅगांच्या चेनी लोणावळ्यात उतरल्यावरच का तुटतात हे मला माहीत नाही, पण तुटतात. त्यांचे रनर बदलायचे, निखळलेली चाकं बसवायची, उसवलेले पट्टे शिवायचे, हे त्याचं काम. काश्मीरला निघालेल्या, केरळहून आलेल्या, लग्नाला चाललेल्या किती बॅगा त्याच्या हाताखालून गेल्या असतील. तो स्वतः मात्र रात्रीच्या गाडीत एकदाही बसलेला नव्हता. स्वतःच्या लग्नाला लातूरला गेला तोही जीपने, दिवसाउजेडी.

तरी तोंडात कायम एकच वाक्य, "गाडी लेट धरा." बॅग कधी मिळेल? गाडी लेट धरा. पाण्याची मोटर कधी दुरुस्त होणार? गाडी लेट धरा. ईदच्या आदल्या संध्याकाळी मी सहज विचारलं, चंद्र दिसला का रे? आकाशाकडे न बघताच म्हणाला, "गाडी लेट धरा, मावशी." असल्या माणसाशी काय बोलायचं?

आता मुद्द्याचं सांगते. यासीनला एक मुलगी, हिना. चार पुरी होऊन पाचवं लागलेलं. तिची आई शबाना लातूरला माहेरी असते, तिथल्या एका दवाखान्यात नोकरी करते. दोघांचं जमलं नाही. भांडण म्हणावं असं काही झालं नाही, नुसतं जमलं नाही. दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी बसून ठरवलं होतं की हिना लहान आहे तोवर बापाकडे राहील आणि शाळेच्या वयाची झाली की आईकडे जाईल. यासीनने तेव्हा होकाराची मान हलवली होती. पोरगी मांडीएवढी असताना मान हलवायला काय जातं? आता जूनमध्ये शाळा होती, आणि तिला लातूरला नेऊन सोडायचं होतं.

शबानानेच फोनवर सांगितलं, रात्रीच्या गाडीनं आणा. झोपेत येईल, रडायची नाही. एवढ्या साध्या वाक्यातून या माणसाने जे काही उभं केलं ते बघून मी हात टेकले.

माझी सगळी नोकरी एसटीच्या पासाच्या खिडकीवर गेली. मी म्हटलं, "अरे, पुण्याला जा, लातूरची एसटी पकड, मोकळा हो."

"यष्टीत पोरगी आडवी कुटं व्हनार? आन् तिची आई काय म्हनली? रातची गाडी म्हनली."

"मग काढ तिकीट आणि जा रात्रीच्या गाडीने."

"आसं कसं जायाचं? आमी दोगं बी कदी झोपलो न्हाई गाडीत. तालीम नको व्हय?"

म्हणून ती तालीम. त्याचा पलंग म्हणजे खालचा बर्थ. समोरचं बाकडं, ज्यावर बसून तो घरी शिवणकाम करायचा, तो माझा बर्थ. हिना आधी टीसी व्हायची, गंभीर चेहऱ्याने माझं तिकीट बघायची, मला एकदा खाली उतरवायची आणि मग स्वतः झोपायला जायची. यासीन पायाने पलंग हलवायचा. मध्येच "चाय, चाय गरम" असं कानाशी ओरडायचा, पोरीला आवाजाची सवय व्हावी म्हणून. पोरीला सवय झाली. मी मात्र दर वेळी दचकून उठायचे.

"मावशी, तुमी उठू नका. तुमी नुसतं घोरा. गाडीत येक तरी घोरनारं आस्तं."

"मला येत नाही घोरता."

यावर बापलेकींनी एकमेकांकडे असं बघितलं की मी उशी ओढून परत आडवी झाले.

तिच्यासाठी त्याने बॅगही शिवली. दुकानातल्या उरल्यासुरल्या कापडाची, जिकडे हात लावाल तिकडे कप्पा आणि प्रत्येक कप्प्याला चेन. लहान बोटं अडकू नयेत म्हणून जाड प्लॅस्टिकच्या चेनी लावल्या आणि रनरला कापडाची शेपटी जोडली. एका कप्प्यात चुरमुरे, एकात पाण्याची बाटली, एकात गोधडी. तालमीत हिनाला तहान लागली की बाटली सोडून बाकी सगळं बाहेर यायचं.

आणि एक पट्टा. बॅगेला लावतात तसलाच, रुंद, दोन्ही टोकांना क्लिप. एक टोक हिनाच्या मनगटाला, दुसरं याच्या. झोपेत पोरगी उठून कुठे गेली तर? गाडी थांबली आणि हा झोपून राहिला तर? हिना कूस वळली की पट्टा ताणला जायचा आणि यासीन ताडकन उठून बसायचा. तिला ती गंमत कळली आणि मग ती मुद्दाम कुशी वळायला लागली.

एकदा म्हणाला, घरात खरा धक्का बसत नाही, हलत्या गाडीत तालीम पाहिजे. मी नको नको म्हणत असताना मला, हिनाला, उशीला आणि त्या बॅगेला घेऊन सकाळच्या शेवटच्या लोकलमध्ये चढला. लोकल जवळपास रिकामी होती. याने सीटवर गोधडी अंथरली, पोरीला पट्टा बांधला आणि खिडकीला चादर लावली. तळेगावला चार माणसं चढली, नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून घरी निघालेली. डोळे तारवटलेले. त्यांनी हा संसार बघितला आणि त्यातला एक हळूच म्हणाला, "भाऊ, हॉस्पिटलला न्यायचंय का?"

"न्हाई, लातूरला."

"ही पुण्याला जाती."

"ठावं हाय. आमी बेगडेवाडीला उतरनार."

चौघं उठून पलीकडच्या सीटवर जाऊन बसले.

बेगडेवाडीला उतरलो. ठरल्याप्रमाणे लगेच उलट्या लोकलने परतायचं होतं. फलाटावर चिटपाखरू नव्हतं, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या लाइनीला दुपारी बराच वेळ लोकलच नसते. मावळातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. पण यासीन रोज सकाळी जातो आणि संध्याकाळी येतो. दुपारची लाइन त्याने कधी बघितलीच नव्हती. लातूरपर्यंतचं स्टेशन न् स्टेशन पाठ, आणि बेगडेवाडीहून कामशेतला यायची सोय नाही!

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ऊन मी म्हणत होतं. हिना माझ्या मांडीवर डोकं ठेवून खरोखरच झोपली. यासीन चादर दोन्ही हातांनी धरून तिच्यावर सावली करत उभा राहिला, हात बदलत, पाय बदलत, पण बसला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "बरं झालं, मावशी. गाडी लेट झाली तर काय करायचं, ह्याची बी तालीम झाली."

मी कपाळाला हात लावला.

तिकीट त्याने दोनदा काढलं आणि दोनदा रद्द केलं. पहिल्यांदा वरचा बर्थ मिळाला, पोरगी पडेल. दुसऱ्यांदा खालचा मिळाला, तर म्हणे खिडकीतून वारं लागेल. मधला बर्थ मोडून पडतो असं त्याला कोणी गिऱ्हाईक सांगून गेलं होतं. आता उरलं होतं इंजिन. शबानाचे फोन येत होते. मे संपत आला होता.

अशाच एका मंगळवारी ते झालं. रात्र झाली, मी घोरले, चहा येऊन गेला. यासीन म्हणाला, "चला, उजाडलं. लातूर आलं." हिना डोळे चोळत उठून बसली. इथे तालीम नेहमी संपायची, खिडक्या उघडायच्या. पण त्या दिवशी ती पलंगावरून खाली उतरली, पट्ट्याने बापाला ओढत दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "आता अम्मी येनार. अब्बा, अम्मी कोन व्हनार? मावशीला कर ना."

मी उठायला लागले. यासीन जागचा हलला नाही.

"लातूर न्हाई आलं अजून," तो म्हणाला. "गाडी लेट हाय, बेटा. झोप."

"तूच म्हनला ना, आलं?"

"लेट हाय. झोप तू."

ती शहाण्यासारखी परत जाऊन झोपली. तो अंधारात पलंग हलवत राहिला. इतके दिवस मी या माणसाला येडा समजत होते. येडा तो होताच, पण ही तालीम जाण्याची नव्हती हे मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी शबानाचा फोन मला आला. "मावशी, त्यांना जमत नसेल तर मी येऊ का तिला न्यायला?" तिची काय चूक? ती आई, वाट बघत होती. मी खाली जाऊन यासीनला निरोप सांगितला. तो एका बॅगेची चेन बसवत होता.

"नको," तो म्हणाला. "शब्द दिलाय, मीच पोचवीन. दुसऱ्यानं येऊन न्यायला ती काय बॅग हाय?"

तिसरं तिकीट त्याने रद्द केलं नाही. कुठला बर्थ मिळाला ते मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. संध्याकाळच्या लोकलला मी त्यांना कामशेत स्टेशनवर सोडायला गेले. हिनाने पाठीवर बॅग घेतली होती आणि मला बजावलं, "मावशी, घोरायला दुसरं कोनतरी आसंल, तू काळजी करू नको." गाडी अगदी वेळेवर आली.

दोन दिवसांनी दुपारी पाठ टेकली, तर खालून खिडक्या लावल्याचा आवाज आला. मंगळवार नव्हता. दुकान उघडं असायला हवं होतं. मी वाट बघितली, पण जिन्यात हाक काही आली नाही. शेवटी मीच उतरले. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत काळोख. यासीन पलंगावर आडवा होता, भिंतीला चिकटून. बाजूला एका पोराएवढी जागा मोकळी.

"कधी आलास?"

"सकाळी."

"नीट पोचली?"

"लय नीट. वाटंत येकदा बी उठली न्हाई. उतरल्यावर आईला बघितलं आन् पळाली. रडली न्हाई."

"आणि पट्टा?"

"तिलाच दिला. दोन्ही टोकं. म्हनली, रातच्याला अम्मीला बांधीन. जायाची तालीम केली, मावशी. यायाची राह्यली. सारी रात जागा व्हतो. कूस कुनी वळंना."

धीर देणारी वाक्यं मला कधी जमली नाहीत. मी दार लावून घेतलं, फटीत गोणपाट कोंबलं आणि चाचपडत बाकड्यावर जाऊन आडवी झाले.

"मावशी," थोड्या वेळाने तो म्हणाला, "कुटलं टेसन आलं?"

"काही आलेलं नाही. गाडी लेट आहे. झोप तू."

समोरून एक हुंदका आला, दाबलेला. मग दुसरा. मी डोळे मिटले आणि जमेल तेवढ्या मोठ्याने घोरायला लागले.