हस्तक्षेप करू नये

परीक्षेसाठी मनिषाने शेजारच्या ऋतिकाची निवड केली, ती पोर अगदी गरीब म्हणून. बालवाडीत ती बसवाल तिथे बसायची आणि तोंडातलं बोट डबा खाण्यापुरतंच बाहेर काढायची. अशा पोरीचं निरीक्षण करायचं म्हणजे सुखाचं काम, असं मनिषाला वाटलं होतं.

येळ्ळूरच्या त्या बालवाडीत मनिषा बरीच वर्षं मदतनीस होती. नाकं पुसायची, चपला जोडीने लावायची, रडणाऱ्याला कडेवर घ्यायची. वर्ग मात्र दुसऱ्या बाई घेत. त्या बाई आता सोडून चालल्या होत्या आणि चालकांनी सांगून टाकलं होतं, की जूनच्या आत बालशिक्षिकेचं प्रमाणपत्र आणलं तर वर्ग मनिषाचा, नाहीतर बेळगावहून कुणीतरी येईल. मनिषाने त्याच आठवड्यात पुण्याच्या एका संस्थेत ऑनलाइन नाव घातलं. तेव्हापासून ती कानात फोनची बोंडं घालून भाकऱ्या थापत होती. मध्येच ‘सूक्ष्म स्नायूंचा विकास’ असं काहीतरी पुटपुटायची. सासूबाई अंबूबाईंनी एकदा हळूच मुलाला विचारलं, की पोरीला दवाखान्यात दाखवायचं का.

आता शेवटची परीक्षा राहिली होती. एक मूल मोकळं खेळू द्यायचं, ते फोनवरून मॅडमना दाखवायचं आणि ते काय करतंय ते हळू आवाजात सांगत राहायचं. सूचनेतलं पहिलंच वाक्य मनिषाने पाठ केलं होतं. धोका नसेल तर मुलाच्या खेळात हस्तक्षेप करू नये. तिने घरात सगळ्यांना बजावलं, की ऋतिकाने काहीही केलं तरी कुणी नको म्हणायचं नाही, ओरडायचं नाही. सासरे परशराम तेवढे हजर नव्हते. त्यांच्या पुतण्याचं, आदर्शचं, त्या दिवशी खानापुरात लग्न होतं आणि ते दाढी करायला गेले होते.

परसात रेंज चांगली यायची. मनिषाने फोन काठीला बांधला, काठी कुंडीत रोवली. पडद्यावर पुण्याच्या दिपाली मॅडम आल्या, नमस्कार झाला आणि परीक्षा सुरू झाली. ऋतिकापुढे लाकडी ठोकळे मांडले होते. तिने ठोकळ्यांकडे पाहिलं, मनिषाकडे पाहिलं, आणि उठून सरळ अंबूबाईंच्या सांडग्यांकडे गेली.

कोहळ्याचे ते सांडगे अंबूबाईंनी पहाटे उठून घातले होते. कागदावर ओळीने, एकसारखे. ऋतिकाने पहिल्या सांडग्यावर अंगठा दाबला आणि वर पाहिलं. कुणी काही बोललं नाही. तिने दुसरा दाबला. तरी कुणी बोललं नाही. मग तिच्या चेहऱ्यावर लख्ख उजेड पडला.

“बालिका अंगठ्याने ठसे उमटवते आहे,” मनिषा फोनजवळ जाऊन कुजबुजली. “सूक्ष्म स्नायूंचा विकास होतो आहे.”

विकास पहिल्या ओळीकडून शेवटच्या ओळीकडे सरकत गेला. अंबूबाईंनी तोंड उघडलं, मनिषाने हात जोडले, तेव्हा त्यांनी पदराचा बोळा दातात धरला. तेवढ्यात ऋतिकाने मूठभर सांडगे कोंबड्यांपुढे टाकले आणि बाकीचे आपणहून घ्यायला कोंबड्या कागदावर चढल्या. कोंबड्यांना हाकलणं हस्तक्षेपात येतं का, असं अंबूबाईंनी खुणेने विचारलं. मनिषाला ते पाठ नव्हतं. कोंबड्या राहिल्या.

त्यानंतर ऋतिकाने नळाखालची माती कालवली. उंबऱ्याशी परशरामांनी लग्नासाठी आणलेल्या नव्या कोल्हापुरी चपला होत्या. तिने त्या उचलून चिखलात घट्ट रोवल्या, मागे पाट मांडला आणि हातात पिठाची चाळण धरून त्यावर बसली. एका चपलेवर पाय दिला, तोंडाने घरघर केली आणि चाळण गरागरा फिरवली. ब्रेक आणि क्लच बसले होते. गाडी तयार होती. मागच्या प्रवाशांसाठी तिने घमेली पालथी घातली.

“बालिका कल्पनेने बस चालवते आहे,” मनिषाचा आवाज आता रडवेला झाला होता.

नेमके तेव्हाच परशराम आले. दाढी करून, आंघोळ करून, नवं धोतर नेसून ते चपला शोधत परसात आले आणि चिखलाकडे बघत उभे राहिले. त्यांचा आवाज तीन शेतं ओलांडून जायचा. त्यांनी छाती भरून घेतली, आणि त्यांना काठीवरचा फोन दिसला. फोनमध्ये चांगल्या घरातली, टिकली लावलेली एक अनोळखी बाई त्यांच्याकडेच बघत होती. ही खानापूरची, नवरीकडची पाहुणी, असं परशरामांनी धरलं. सगळं घर गप्प उभं आहे ते काय उगीच? त्यांनी भरलेली छाती हळूहळू सोडली आणि हात जोडले.

“निघालोच बघा,” ते म्हणाले. मॅडमनीही शिष्टाचाराने हात जोडले.

“आजा, कुठं जायाचं?” ऋतिकाने मागे न वळता विचारलं.

परशरामांनी फोनकडे पाहिलं, मग चपलांकडे पाहिलं. “खानापूरला,” ते म्हणाले.

“मग बसा की. तिकीट काढा.”

परशराम नव्या धोतरासकट घमेल्यावर बसले. त्यांना न्यायला आलेला जीपवाला भरमू बाहेर हॉर्न वाजवून दमला आणि आत आला. परशरामांनी त्याला खुणेने जवळ बोलावून कानात सांगितलं, की नवरीकडची मंडळी बघायला लागल्यात, त्यांच्यात पोरांची लई हौस दिसते, गप बस. भरमू त्यांच्या मागे बसला. भरमू का येत नाही ते बघायला परशरामांची बहीण जयाबाई आल्या. त्यांनाही तेच कानात सांगितलं गेलं आणि त्या पैठणी सावरत बसल्या. जीपमधलं माणूस एकेक करत आत येत गेलं आणि परसातल्या बसमध्ये चढत गेलं. सगळे फोनकडे बघून गोड हसत होते. ऋतिका बस चालवत होती, थांबे ओरडत होती, फणसाची पानं तोडून तिकिटं देत होती. बोट तोंडात घालायला तिला सवडच नव्हती.

“मनिषाताई,” फोनमधून आवाज आला. सगळी बस सावरून बसली. “तुम्ही अजून बाजूलाच उभ्या आहात. हस्तक्षेप नको हे पहिल्या टप्प्यापुरतं होतं. पुढे तुम्ही खेळात सामील व्हायचं आहे. सूचनेच्या दुसऱ्या परिच्छेदात आहे.”

मनिषाने दुसरा परिच्छेद वाचलाच नव्हता. तिने एकदा कोंबड्यांकडे पाहिलं. कागद स्वच्छ झाला होता.

“थोडी मिनिटं आहेत. तुम्हाला जमतंय का बघा,” मॅडम म्हणाल्या.

मनिषा बसजवळ गेली आणि तिने हात दाखवला. ऋतिकाने मान हलवली. “जागा न्हाय. फुल्ल झाली.”

वर्ग आता बेळगावच्या बाईकडे गेल्यातच जमा होता. तेवढ्यात मनिषाला दिसलं, की पोरगी गाडी थांबवते, उठते, पानं तोडते, तिकिटं देते आणि पुन्हा धावत जाऊन पाटावर बसते. कपाळावर घाम आला होता.

“डायवर,” मनिषा म्हणाली, “तुमच्या गाडीला कंडक्टर न्हाय व्हय? मी आलो तर चालंल?”

ऋतिकाने बराच विचार केला. मग हातातली पानं मनिषाला दिली. “शिटी मारता येती काय?”

मनिषाने तोंडात बोटं घालून अशी शिटी मारली, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. परशरामांनी सुनेकडे वळून पाहिलं. तिच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, तरी हे त्यांना माहीत नव्हतं.

फोनमध्ये मॅडम हसत होत्या. झालं, पास, म्हणाल्या. प्रमाणपत्र महिनाअखेर येईल. आणि जाताजाता, या सगळ्या पालकांचं आपल्याला फार कौतुक वाटलं, असंही म्हणाल्या. फोन बंद झाला.

“पालक?” परशराम म्हणाले. “ह्या नवरीकडच्या न्हवत्या?”

मनिषाने सगळं सांगितलं. मग हळूहळू सगळ्यांच्या माना अंबूबाईंकडे वळल्या. परीक्षा संपली होती, आता बोलायला बंदी नव्हती. अंबूबाईंनी दातातला बोळा काढला, तो झटकून पदर नीट केला. रिकाम्या कागदाकडे पाहिलं, चिखलातल्या चपलांकडे पाहिलं. त्या चालत थेट बसपाशी आल्या.

“ही खानापूरला जाती काय गं?”

“जाती. चढा,” ऋतिका म्हणाली.

मनिषाला काय सुचलं कुणास ठाऊक. “आत्या, आधार कार्ड दाखवा,” ती सासूबाईंना म्हणाली. “कर्नाटकच्या गाडीत बायकांना फुकट हाय.”

अंबूबाईंनी रिकामा तळहात पुढे केला. मनिषाने तो नीट न्याहाळला आणि फणसाचं पान त्यावर ठेवलं.

“आजा, तुम्ही उठा,” पाटावरचा ड्रायव्हर म्हणाला. “ती बायकांची सीट हाय.”

परशराम उठले. वर धरायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी दोरीवर वाळत घातलेला स्वतःचाच सदरा धरला. मनिषाने शिटी मारली आणि बस सुटली.